तारे पडले ते साल

१३ नोव्हेंबर १८३३ची पहाट. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या न्यू हेवन गावात येल कॉलेजचे एक प्राध्यापक झोपलेले होते. डेनिसन ऑल्मस्टेड त्यांचं नाव, वय बेचाळीस. ओळखीच्या एकाने हाक मारून त्यांना उठवलं. ते बाहेर आले, मान वर केली, तर अख्खं आकाश गळत होतं.

एखाददुसरा तारा तुटताना आपण सगळ्यांनीच पाहिलाय. ‘तो बघ!’ म्हणेपर्यंत तो गेलेला असतो. त्या पहाटे ‘तो बघ’ म्हणायला सवडच नव्हती. चारी दिशांना पांढऱ्या रेघा, मध्येच एखादा डोळे दिपवणारा गोळा, त्याच्यामागे धुरासारखा पट्टा. तो पट्टा पुढे काही मिनिटं वाऱ्याने वाकडातिकडा होत तरंगत राहायचा. आणि या सगळ्याला आवाज नाही. बॉस्टनमधून पाहणाऱ्याचा हिशेब असा, की साधारण हिमवर्षावात जेवढी भुरभुर पडते तिच्या निम्म्याने उल्का पडत होत्या. नंतरच्या अभ्यासकांनी तासाला पन्नास हजारांपासून दीड लाखापर्यंत आकडे काढले. म्हणजे सेकंदाला चौदा ते चाळीस. तुलनेसाठी सांगतो, हल्ली डिसेंबरात ज्याच्या बातम्या येतात तो मिथुन राशीतला उल्कावर्षाव अगदी काळ्याकुट्ट आकाशात, सगळं जुळून आलं तर, तासाला शंभर-सव्वाशे उल्का दाखवतो.

आपल्याकडे त्या वेळी दुपार होती. मुंबईत ‘दर्पण’ सुरू होऊन दोन वर्षं होत आली होती. पण भर उन्हात उल्का कोणाला दिसणार? हा देखावा रात्र असलेल्या बाजूचाच. तिकडे मात्र गावंच्या गावं रस्त्यावर आली. बायबलमध्ये शेवटच्या दिवशी तारे पडतील असं लिहिलंय, ते घरोघरी माहीत होतं. त्यामुळे पुष्कळांची खात्री पटली, की तो दिवस हाच. लोक गुडघ्यांवर बसले, रडले, जुनी भांडणं मिटवू लागले. सकाळी सूर्य नेहमीसारखा वर आला आणि तारे मोजले तर सगळे जागच्या जागी.

ऑल्मस्टेडांनी मग एक गोष्ट केली, जी आज आपल्याला फारच साधी वाटेल. त्यांनी गावच्या वर्तमानपत्राला एक टिपण दिलं. मी काय पाहिलं ते असं. तुम्ही काय पाहिलं ते कळवा. किती वाजता सुरू झालं, कुठल्या दिशेला जास्त होतं, आवाज आला का, रंग कोणता? ते टिपण इतर पत्रांनी उचललं, त्यांच्याकडून आणखी पत्रांनी. तारयंत्र अजून व्यवहारात आलेलं नव्हतं, त्यामुळे सगळा कारभार टपालाचा. उत्तरं येऊ लागली. कोणी शेतकरी, कोणी पोस्टमास्तर, कोणी जहाजावरचा माणूस. आज ज्याला क्राउडसोर्सिंग म्हणतात ते हेच. पुढच्या काही महिन्यांत ऑल्मस्टेडांनी या पत्रांवरून एक लांबलचक निबंध छापला आणि उल्कांचा शास्त्रशुद्ध अभ्यास तिथून सुरू झाला असं मानतात.

पत्रांमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती. रेघा आकाशभर पसरलेल्या असल्या तरी त्या मागे मागे वाढवत नेल्या तर एकाच ठिकाणी जाऊन मिळतात. ते ठिकाण सिंह राशीत, मघांच्या विळ्याच्या आत. आणि रात्र सरकली, सिंह वर चढला, तसं ते ठिकाणही त्याच्याबरोबर वर चढलं.

यात काय एवढं? रात्री पावसात बाइकवरून जाताना समोर बघा. थेंब खरं तर सरळ खाली पडत असतात, पण हेडलाइटच्या झोतात ते समोरच्या एका बिंदूतून फुटून चहूबाजूंनी आपल्या अंगावर येतात असं दिसतं. तो बिंदू म्हणजे आपण ज्या दिशेने चाललोय ती दिशा. उल्कांचंही तेच. त्या एकमेकींना समांतर येत होत्या आणि आपल्याला त्या फाकल्यासारख्या दिसत होत्या. आणि तो बिंदू जर पृथ्वीबरोबर न फिरता ताऱ्यांबरोबर सरकत असेल, तर हे प्रकरण हवेतलं नाही. ते बाहेरून आलंय. तोवर बहुतेक विद्वान उल्कांना विजेच्या, ढगांच्या जातीतलं मानत. आपल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत उल्कांचे पाच प्रकार सांगितले, त्यांत विद्युत आणि अशनि म्हणजे वीजसुद्धा आहे. स्वर्गातलं पुण्य भोगून संपलं की जे खाली पडतात त्यांचं रूप म्हणजे उल्का, असंही तो सांगतो. शास्त्र म्हणून ते टिकलं नाही, पण ही कल्पना मला आवडते. निदान त्याने उल्कांना बाहेरचं मानलं होतं.

ऑल्मस्टेडांची गोष्ट खगोलशास्त्राच्या पुस्तकांत साधारण इथपर्यंत येते आणि पुढच्या शास्त्रज्ञाकडे वळते. मी मात्र इथे अडकलो. मला प्रश्न पडला, की पत्र कोणी लिहिलं नाही?

१८३०च्या जनगणनेप्रमाणे अमेरिकेत वीस लाखांच्या वर माणसं गुलाम होती. दक्षिणेतल्या कापसाच्या आणि तंबाखूच्या मळ्यांवर तीही त्या पहाटे उघड्यावर आली होती. किंबहुना दक्षिणेतलं आकाश त्या रात्री चांगलं स्वच्छ होतं. अलाबामात तर ही रात्र इतकी रुजली, की शंभर वर्षांनी, १९३४ साली, ‘अलाबामावर तारे पडले’ अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक आलं, त्यावरून त्याच नावाचं गाणं आलं, आणि अलीकडे काही वर्षं ते शब्द तिथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरही होते. पण त्याच अलाबामाने १८३२ साली गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं हा गुन्हा ठरवला होता. तारे पडण्याच्या एकच वर्ष आधी. ऑल्मस्टेडांचं टिपण त्यांच्यापर्यंत पोचणार कसं, आणि पोचलं तरी उत्तर लिहिणार कोण? दोष त्या प्राध्यापकाचा नाही, पण त्या निबंधातली साक्ष फक्त लिहिता येणाऱ्यांची राहिली.

ज्यांना लिहू दिलं नाही, त्यांनी त्या रात्रीचं काय केलं, ते दुसरीकडे शोधावं लागतं.

फ्रेडरिक डग्लस हे नाव तुम्ही ऐकलं असेल. गुलामीतून पळाले, चोरून लिहायला-वाचायला शिकले आणि गुलामीविरुद्धचे त्या देशातले सर्वांत मोठे वक्ते झाले. १८४५ साली त्यांचं पहिलं आत्मचरित्र आलं. त्याच्या पहिल्याच पानावर ते सांगतात, की मला माझं वय नक्की माहीत नाही. घोड्याला स्वतःचं वय जेवढं ठाऊक असतं, तेवढंच बहुतेक गुलामांना. जन्म कधी, तर पेरणीच्या वेळी, कापणीच्या वेळी, चेरी पिकतात तेव्हा. याहून जास्त कोणी सांगत नाही आणि विचारलं तर मालकाला राग येतो. गोऱ्या मुलांना आपला वाढदिवस सांगता येतो, मला का नाही, हे लहानपणापासून त्यांना खुपत होतं.

त्या पहिल्या पुस्तकात ते म्हणतात, की बाल्टिमोर सोडून आपण सेंट मायकल्स गावी मालकाकडे राहायला गेलो ते मार्च १८३२मध्ये. दहा वर्षांनी, १८५५ साली, त्यांनी आपली कहाणी पुन्हा विस्ताराने लिहिली. आता साल १८३३ झालं होतं. आणि सोबत पुरावा दिला होता. साल मला पक्कं आठवतं, कारण बाल्टिमोरमध्ये पहिला कॉलरा आला त्याच्या पुढचं ते वर्ष, आणि तारे पडले तेच ते वर्ष. कागद नव्हता, जन्मनोंद नव्हती, मालकाची वही होती ती मालकाकडे. मग माणसाने आपलं आयुष्य टांगलं कशाला? आकाशाला. ती तारीख कोणी खोडू शकत नव्हतं.

आणखी एक गोष्ट टेनेसीतल्या एका काळ्या कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. आता जग बुडणार या भीतीने मालक बाहेर आला, त्याने मळ्यावरच्या सगळ्या गुलामांना गोळा केलं आणि भराभरा सांगायला सुरुवात केली: तुझी आई अमकी, तिला तमक्या ठिकाणी विकली; तुझा बाप अमका, त्याला त्या गावच्या मालकाने नेलं. मरायच्या आधी मन मोकळं करायचं होतं त्याला. अनेकांना आपले आईबाप कोण होते ते त्या पहाटे पहिल्यांदा कळलं. मी ही गोष्ट वाचली तेव्हा माझ्या डोक्यात उल्का राहिल्या नाहीत. म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं. सांगायला फक्त आभाळ पडायचं बाकी होतं.

हे वाचताना मला सारखे माझे बाबा आठवत होते, कारण त्यांचा वाढदिवस १ जूनला असतो. महाराष्ट्रात एक जूनला जन्मलेली इतकी माणसं कशी, हा विनोद तुमच्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर दरवर्षी फिरत असेल. शाळेत नाव घालताना तारीख सांगता आली नाही, की गुरुजी एक जून लिहायचे, म्हणजे शाळा सुरू होताना वयाचा हिशेब सोपा. बाबांच्या दाखल्यावर १ जून १९६५ आहे. आजीला विचारलं तर ती साल सांगत नाही. ती म्हणते, ‘भूकंप झाला तवा तुझा बा रांगत हुता. भितीची माती पडाया लागली तसा तसाच उचलला आन्‌ अंगणात आणला. काय थंडी हुती!’

आमचं गाव पाटण खोऱ्यात. कोयनेचा भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ला, पहाटे सव्वाचारच्या सुमाराला. डिसेंबरात रांगणारं पोर म्हणजे त्याच वर्षीच्या मार्च-एप्रिलमधलं. म्हणजे सरकारदरबारी बाबा जवळजवळ दोन वर्षांनी मोठे आहेत, आणि तेवढीच वर्षं आधी रिटायर झाले. त्या दोन वर्षांचा पगार हा आमच्या घरात अजूनही कधीमधी निघणारा विषय आहे. बाबा म्हणतात, जाऊ दे. आजीची साक्ष ग्राह्य धरेल असं टेबल कुठल्याच ऑफिसात नाही.

पण आजीची चूक कुठे आहे? तिने दिलेली तारीख दाखल्यापेक्षा अचूक आहे. मानमोडीची साथ, पानशेतचा पूर, बहात्तरचा दुष्काळ, कोयनेचा भूकंप ही ज्यांच्याकडे कॅलेंडर नव्हतं त्यांची कॅलेंडरं. वाचता येणाऱ्यांनी त्यांना अडाणीपणा म्हटलं. उल्कांच्या इतिहासाचं मात्र या अडाणीपणावाचून पान हललं नसतं. कसं ते सांगतो, कारण हा भाग पुस्तकांत एका वाक्यात उरकतात.

१७९९च्या नोव्हेंबरात जर्मन प्रवासी अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट दक्षिण अमेरिकेतल्या कुमाना गावी होते. हा भाग आज व्हेनेझुएलात येतो. १२ तारखेच्या पहाटे त्यांनी आणि त्यांच्या सोबत्याने हजारो उल्का पाहिल्या. सकाळी ते गावात चौकशी करू लागले. तेव्हा गावच्या म्हाताऱ्यांनी सांगितलं, असं आम्ही पूर्वी पाहिलंय. कधी? १७६६च्या मोठ्या भूकंपाच्या सुमाराला. हुम्बोल्टनी ते लिहून घेतलं.

१७६६, १७९९, १८३३. आकडे असे ओळीने मांडले की शाळकरी पोरालाही दिसेल. पण त्यातला पहिला आकडा कुठल्याही वेधशाळेचा नव्हता. तो भूकंपाच्या आठवणीला चिकटून राहिलेला आकडा होता.

पुढे येलमध्येच ह्यूबर्ट न्यूटन नावाचे गणिती झाले (सफरचंदवाले ते वेगळे). १८६०च्या दशकात त्यांनी जगभरचे जुने बखरवजा ग्रंथ धुंडाळले. चिनी दरबारच्या नोंदी, युरोपातल्या मठांची टिपणं, अरब इतिहास. त्यांना सापडलेली सर्वांत जुनी नोंद इसवी सन ९०२ची. इब्राहिम बिन अहमद नावाचा उत्तर आफ्रिकेचा राजा ज्या महिन्यात वारला त्याच महिन्यात एका रात्री असंख्य तारे पावसासारखे इकडेतिकडे विखुरले, आणि म्हणून लोक त्या वर्षाला ताऱ्यांचं वर्ष म्हणू लागले. तिथेही तेच. राजा मेला हे एक, तारे पडले हे दुसरं, आणि एकाला दुसऱ्याची गाठ मारून ठेवली. ती गाठ न्यूटनना साडेनऊशे वर्षांनी सोडवता आली. ९०२ ते १८३३ म्हणजे ९३१ वर्षं. त्याला २८ने भागा. सव्वातेहतीस येतात, बरोब्बर.

न्यूटननी जाहीर केलं: पुढचा पाऊस नोव्हेंबर १८६६, १३-१४ तारीख. आणि तो आला. या वेळी युरोपच्या वाट्याला. लोक घाबरून नाही, घड्याळ लावून उठले होते. कुठल्याही भाकिताचा याहून मोठा विजय सहसा होत नाही. त्याच सुमाराला, १८६५च्या डिसेंबरात आणि १८६६च्या जानेवारीत, टेम्पल आणि टटल या दोघांनी स्वतंत्रपणे एक फिकट धूमकेतू शोधला होता. त्याची कक्षा काढली तर फेरीला तेहेतीस वर्षं. उल्कांची कक्षा काढली, तर तीही तीच. म्हणजे तारा कुठलाच पडत नव्हता. धूमकेतू जाताना मागे जो कचरा सांडत जातो, वाळूच्या कणाएवढा, फार तर वाटाण्याएवढा, त्यातून पृथ्वी दर नोव्हेंबरात जाते. कण सेकंदाला ७१ किलोमीटर वेगाने हवेत शिरतात, म्हणजे पुण्याहून कोल्हापूर तीन-सव्वातीन सेकंदांत, आणि आपल्या डोक्यावर शंभर किलोमीटरांवर जळून जातात. बहुतेक वर्षी कचरा विरळ असतो. धूमकेतू नुकताच येऊन गेला असेल आणि त्याने सांडलेल्या एखाद्या दाट पट्ट्यातून आपण गेलो, तरच १८३३ होतं.

या ‘तरच’ने पुढे फजिती केली. १८९९ साली पुन्हा तेहेतीस वर्षं भरली. युरोप-अमेरिकेच्या वर्तमानपत्रांनी महिनोन्‌महिने हवा केली, लोक थंडीत छपरांवर जाऊन बसले, आणि जवळपास काहीच झालं नाही. गुरू आणि शनी यांच्या ओढीने तो पट्टा बाजूला सरकला असेल असा इशारा दोन गणितज्ञांनी आधीच दिला होता, पण अशा इशाऱ्याचा मथळा होत नाही. लोकांचा विश्वास असा उडाला की १९६६मध्ये कोणाची फारशी अपेक्षाच नव्हती. आणि १७ नोव्हेंबर १९६६ला अमेरिकेच्या पश्चिम भागात पहाटे काही मिनिटं पुन्हा सेकंदाला चाळीसच्या वेगाने आकाश गळलं. १९९९पर्यंत मात्र संगणकावर प्रत्येक पट्ट्याचा माग काढता येऊ लागला होता आणि त्या वर्षीचं भाकीत मिनिटांच्या फरकाने बरोबर आलं. हा धूमकेतू आता २०३१ साली सूर्याजवळ येईल.

तोवर वाट पाहायची गरज नाही. सिंहेतल्या उल्का दरवर्षी १७-१८ नोव्हेंबरच्या उत्तररात्री येतात, तासाला दहा-पंधरा. दुर्बीण लागत नाही, उलट ती अडचणच. गावाच्या दिव्यांपासून लांब एखादी सतरंजी, एक घोंगडी, आणि मध्यरात्रीनंतर सिंह वर येईपर्यंत धीर. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास लागतो आणि फोनकडे एकदा पाहिलं की तो अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून. फोनवर हे वाचणाऱ्यांना सांगतोय, म्हणजे काय ते समजून घ्या.

१८३३चं मात्र अजून संपलेलं नाही. अमेरिकेच्या मधल्या मैदानांत लकोटा आणि त्यांच्या भाऊबंद जमाती राहत. त्यांचं वर्ष पहिल्या बर्फापासून पुढच्या पहिल्या बर्फापर्यंत. दर वर्षाला एक चित्र, त्या वर्षातल्या एका घटनेचं. रानरेड्याच्या कातड्यावर ही चित्रं काढायची आणि कोणीतरी ती तोंडाने सांगायची. लोन डॉग नावाच्या माणसाने सांभाळलेल्या अशा एका कातड्यावर मधून सुरू होऊन बाहेर गोल गोल जाणारी एकाहत्तर वर्षं आहेत. ही वर्षं इसवी सनाशी जुळवायची कशी, हा प्रश्न गॅरिक मॅलरी या लष्करी अधिकाऱ्याला पडला. १८७७ साली त्यांनी ही कालगणना छापली. जुळवणी करताना बाकीची चित्रं त्यांच्या दृष्टीने संदिग्ध होती: देवीची साथ, एखाद्या लढाईत मेलेला कोणी, चोरून आणलेले घोडे. एका चित्राबद्दल मात्र शंका नव्हती. त्यात तारे पडत होते. त्या एका चित्राला १८३३चा खिळा ठोकला आणि मागची-पुढची सगळी वर्षं आपापल्या जागी बसली. इतर जमातींची कातडी जुळवतानाही पुढे तोच खिळा कामी आला.

आणि शंभर वर्षांनी, १९३६ ते १९३८च्या दरम्यान, अमेरिकन सरकारने मंदीत बेकार झालेल्या लेखकांना एक काम दिलं. गुलामीत जन्मलेली जी माणसं अजून हयात आहेत त्यांच्याकडे जायचं, त्यांचं बोलणं लिहून घ्यायचं. तेवीसशेहून अधिक मुलाखती झाल्या. प्रश्नांत पहिला प्रश्न साहजिकच वयाचा असायचा. बहुतेकांकडे दाखला नव्हता. कोणी लढाई सांगितली, कोणी मालकाच्या मुलाचं वय सांगितलं. काहींनी सांगितलं, माझी आई तारे पडले तेव्हा एवढी होती. मी त्यानंतर इतक्या वर्षांनी. वजाबाकी ऐकणाऱ्याने करायची.